जंतर : आष्टीच्या एका जुन्या हत्याराची ओळख

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या नजरेसमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरखान्यांतील रुमाल उभे राहतात. ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा अभ्यासक त्यांत स्नानसंस्काराच्या व विवाहांच्या नोंदवह्यांची भर घालतो. ही सारी साधने मोलाची आहेत. परंतु एक मर्यादा त्या सर्वांना समान आहे. ती लिहिता येणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. ज्यांचे आयुष्य ऐरणीपुढे, भात्यापाशी किंवा शेगडीच्या धगीत गेले, त्यांनी आपल्याविषयी फारसे काही लिहून ठेवले नाही. त्यांचा दस्तऐवज म्हणजे त्यांची हत्यारे. तो वाचावयास शिकलो नाही, तर आपल्या पूर्वजांपैकी फार मोठा वर्ग इतिहासात मुकाच राहील.

जालना जिल्ह्यापुरते पाहिले तरी हे ध्यानात येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानावर वेलस्लीच्या आणि मराठ्यांच्या फौजा कशा भिडल्या, ह्याची तपशीलवार वर्णने उपलब्ध आहेत. त्याच मुलखातील एखादा सोनार त्याच दिवशी कोणते काम करीत होता, ते कसे करीत होता आणि त्यासाठी कोणती अवजारे वापरीत होता, हे सांगणारा कागद मात्र सापडावयाचा नाही. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ प्रसिद्ध करून बलुतेदारांच्या जीवनाकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले. गावाची घडी, हक्क आणि देणीघेणी ह्यांचे चित्र त्यात मिळते. कारागिराच्या हाताखालच्या एकेका अवजाराची ओळख मात्र आपल्याला अवजारांकडूनच करून घ्यावी लागते. अशाच एका अवजाराविषयी प्रस्तुत लेखात चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आष्टी आणि ती पट्टी

प्रथम गावाविषयी. महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे अनेक आहेत. १८१८ मध्ये सेनापती बापू गोखले जेथे धारातीर्थी पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील. १९४२ च्या आंदोलनात गाजलेली आष्टी वर्धा जिल्ह्यातील. बीड जिल्ह्यात आष्टी हे तालुक्याचे गाव आहे. आमची आष्टी ह्यांपैकी कोणतीही नव्हे. ती जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, तोपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात मोडत असे. आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे परतूरवरून धावू लागली आणि येथील धान्याला व कापसाला बाहेरचा रस्ता मिळाला. भोवतालच्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले की त्यांतील काही सोन्याचांदीत जात, हा सर्व मराठवाड्याचा रिवाज.

ह्या आष्टीतील एका जुन्या घराच्या मोडतोडीत भंगारासाठी बाजूला काढलेल्या लोखंडात एक पट्टी होती. लांबी सुमारे एक वीत, रुंदी दोन बोटांहून थोडी अधिक, जाडी करंगळीच्या निम्म्याने. तिच्यावर ना नाव, ना सन, ना कारखान्याचा ठसा. तिच्यात ओळीने भोके पाडलेली. पहिल्या ओळीच्या आरंभीचे भोक ज्वारीचा दाणा जाईल एवढे. पुढचे त्याहून किंचित लहान, त्यापुढचे आणखी लहान. आणि शेवटच्या ओळीच्या अखेरीस तर शिवणाची सुईसुद्धा अडावी इतके बारीक. एका कोपऱ्यात तीन-चार भोके निराळ्या आकाराची होती. काही चौकोनी, काही अर्ध्या चंद्रासारखी.

घरातील तरुण पिढीला ही वस्तू काय आहे ते ठाऊक नव्हते. बायकांनी ती सोऱ्याची चकती असावी असा तर्क केला. कोणी ती चाळणीचा तुकडा म्हटले, कोणी खिळे घडविण्याचा साचा, तर कोणी बंदुकीच्या कामाचे काहीतरी. असे तर्क हास्यास्पद नसतात. वस्तू ओळखण्याची पहिली पायरी तर्काचीच असते. दुसरी पायरी तो तर्क वस्तूवर घासून पाहण्याची.

एकेक तर्क तपासताना

सोऱ्याची चकती गोल असते, कारण ती सोऱ्याच्या नळकांड्यात बसावी लागते. ती बहुधा पितळेची असते आणि एका चकतीवरील सर्व भोके एकाच मापाची असतात. शेव एकसारखी पडावयाची तर तसे असणे भागच आहे. आमची पट्टी लांबट, पोलादी आणि उतरत्या मापाच्या भोकांची. चाळणीचेही तेच. चाळणीला पत्रा पातळ लागतो आणि भोके सारखी लागतात.

खिळे घडविणाऱ्या लोहाराजवळ भोकाची पट्टी असते हे खरे. तापलेली सळई त्या भोकात घालून वर उरलेला भाग हातोड्याने ठोकला की खिळ्याचे डोके तयार होते. परंतु त्या पट्टीला एक-दोनच भोके असतात, ती मोठी व बहुधा चौकोनी असतात, आणि भोवतालचा भाग घणाचे घाव सोसण्यासाठी जाड ठेवलेला असतो. सुई अडेल अशा भोकात खिळा घडत नाही.

घड्याळे व बंदुका दुरुस्त करणाऱ्यांकडे स्क्रूचे आटे पाडण्याची एक पट्टी असते. दिसावयास ती आमच्या पट्टीची सख्खी बहीण. दोघींतील फरक मात्र भिंगातून पाहताक्षणी कळतो. आटे पाडणाऱ्या पट्टीच्या भोकांच्या आतल्या अंगाला मळसूत्री खाचा असतात. आमच्या पट्टीची भोके आतून गुळगुळीत आहेत, जणू पॉलिश केलेली.

शेवटचा तर्क तारेची जाडी मोजण्याच्या पट्टीचा. ब्रिटिश साम्राज्यात तारेची अधिकृत मापे १ मार्च १८८४ पासून अमलात आली, आणि त्यांनुसार क्रमांक कोरलेल्या पट्ट्या हिंदुस्थानातही आल्या. त्या मोजपट्टीतील खाचा किंवा भोके सरळ असतात आणि प्रत्येकाशेजारी क्रमांक असतो. क्रमांकावाचून मोजपट्टीला अर्थ नाही, आणि आमच्या पट्टीवर एकही क्रमांक नाही.

असे एकेक नाव गळत गेले, तसतसे हत्यार आपले स्वतःचे बोलू लागले.

पट्टीची साक्ष

पट्टी उजेडासमोर तिरकी धरली की तिच्या भोकांची घडण ध्यानात येते. एका बाजूला तोंड रुंद आहे. आत ते निमुळते होत जाते, आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होऊन संपते. छोट्या नरसाळ्यासारखा हा आकार आहे. ज्या भोकातून काही ओढून बारीक करावयाचे असते त्यालाच असा आकार द्यावा लागतो. सरळ भोकाच्या कडेने धातू खरवडला जाईल. निमुळत्या भोकात तो हळूहळू दाबला जातो. ही पट्टी तार ओढण्याची आहे, हे ह्या एकाच खुणेवरून जवळजवळ निश्चित होते. बाकीच्या खुणा त्याला दुजोरा देतात.

पट्टीच्या अरुंद भोकांच्या बाजूला, विशेषतः बारीक भोकांभोवती, हातोडीच्या टोकाचे असंख्य लहान घाव आहेत. पाहणाऱ्याला ती बेपर्वाईची खूण वाटेल. वस्तुतः ती काटकसरीची खूण आहे. वर्षानुवर्षे तार ओढून भोक झिजते व मोठे होते. मग कारागीर भोकाभोवती हलके ठोकून धातू आत सरकवतो, भोक आवळून घेतो, आणि निमुळत्या पोलादी टोच्याने ते पुन्हा हव्या त्या मापाचे करतो. अशी दुरुस्ती एकाच भोकाची अनेकदा होते. म्हणजे हे घाव मोजले तर कोणते भोक अधिक राबले ते कळते. आमच्या पट्टीवर मोठ्या भोकांभोवती घाव तुरळक आहेत आणि बारीक भोकांभोवती दाट आहेत. हिचा मालक बारीक तारेचे नाजूक काम करणारा होता, ही गोष्ट कोणत्याही दप्तराने सांगितली नसती. ती ह्या घावांनी सांगितली.

भोकांच्या रुंद तोंडांत काळपट, चिकट थर साचलेला आहे. नखाने दाबले तर तो मेणासारखा दबतो, कारण तो मेणच आहे. तार भोकातून सहज सरकावी म्हणून तिला मेण किंवा तेल लावण्याची पद्धत जुनी आहे. पट्टीच्या दोन टोकांजवळ दोन चकचकीत पट्टे आहेत. तेथे ती खुंट्यांना टेकत असे. आणि घावांच्या खळग्यांत जागोजागी तांबूस कण आहेत. ते गंजाचे नव्हेत, कुंकवाचे आहेत. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतो. हे हत्यार घरात अवजारांच्या मांडणीत पूजले जात होते, एवढी हकिकत त्या कणांत आहे.

म्हणूनच जुनी वस्तू हाती आली की ती लगेच घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह आवरला पाहिजे. चिंच, राख किंवा काचकागद ह्यांनी मेण गेले, कुंकू गेले, घावांच्या कडा गेल्या, की वस्तू सुंदर दिसते आणि मुकी होते. भोकांच्या आतल्या अंगाला चिकटलेल्या अतिसूक्ष्म कणांवरून तेथून सोने ओढले गेले की चांदी की तांबे, हे आज प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्याने, वस्तूला ओरखडाही न काढता, पाहता येते. घासलेल्या पट्टीवर हा दरवाजा कायमचा बंद होतो.

तार कशी ओढली जाई

आता हे हत्यार कसे चालत असे ते पाहू. मुशीत वितळविलेले सोने किंवा चांदी ओतून त्याची बारीक कांब केली जाई. ऐरणीवर ठोकून ती लांब व गोल केली जाई. तिचे एक टोक कानशीने किंवा हातोडीने निमुळते करून पट्टीच्या मोठ्या भोकात रुंद बाजूने घालीत. दुसऱ्या बाजूला डोकावणारे टोक सांडशीत घट्ट धरून, पट्टी दोन खुंट्यांना टेकवून, पायांनी रेटा देत कारागीर संथपणे ती ओढी. एका भोकातून निघालेली तार पुढच्या भोकात जाई, तेथून त्यापुढच्या.

येथे घाई चालत नाही. काही भोके ओलांडली की तार कडक होते. ती तशीच ओढली तर तटकन तुटते. म्हणून मधूनमधून तिचे वेटोळे शेगडीवर तापवून पुन्हा मऊ करावे लागते. किती भोकांनंतर तापवावयाचे, किती तापवावयाचे, हे ज्याच्या त्याच्या हाताला आणि डोळ्याला ठाऊक. तापलेल्या धातूचा रंग ओळखणे ही विद्या बापाकडून मुलाकडे शेगडीपाशीच जात असे. तिला पुस्तक नव्हते.

ह्यातील हिशोब मोठा मनोरंजक आहे. तारेचा धातू तेवढाच राहतो. जाडी घटते आणि लांबी वाढते. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते. एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, शुद्ध सोन्याची एक मिलिमीटर जाडीची तार काढली तर ती जेमतेम ७७ सेंटिमीटर भरते. तीच अर्ध्या मिलिमीटरवर आणली की तीन मीटरांहून लांब होते, आणि पाव मिलिमीटरवर आणली की बारा मीटर ओलांडते. गरीब घरच्या लेकीला गुंजभर सोन्यात दागिना घडवून द्यावयाचा तर सोनाराला ह्याच गुणाकाराचा आधार होता. थोड्या सोन्यात अधिक काम उठविण्याचे सामर्थ्य ह्या पट्टीच्या बारीक भोकांत होते. तेथेच घाव दाट का आहेत, ह्याचा आणखी एक अर्थ येथे लागतो.

नावाचा शोध

वस्तूचा उपयोग कळला म्हणजे ओळख पुरी झाली असे नव्हे. तिचे नाव कळावे लागते. सोनारांच्या बोलीत ह्या पट्टीला ‘जंतर’ म्हणतात. हा शब्द ऐकला की सामान्य मराठी माणसाला गंडादोरा आठवतो, जंतरमंतर आठवते. त्यामुळे एखाद्या वृद्ध सोनाराने “हे जंतर आहे” असे सांगितले, तर ऐकणारा भलताच अर्थ घेऊन ती पट्टी एखाद्या तोडग्याची म्हणून दूर ठेवून देण्याचाही संभव आहे.

वास्तविक दोन्ही शब्दांचे मूळ एकच, संस्कृत ‘यंत्र’. ‘यात्रे’ची ‘जत्रा’ झाली, ‘योग्या’चा ‘जोगी’ झाला, तसे ‘यंत्रा’चे ‘जंतर’ झाले. यंत्र ह्या शब्दाच्या मुळाशी आवळणे, आवरून धरणे हा अर्थ आहे, आणि तार आवळून धरणाऱ्या ह्या पट्टीला तो किती चपखल बसतो! ह्याच शब्दाचे दुसरे एक रूप आपल्या प्रत्येकाच्या आजीच्या हाताखाली होते. ते म्हणजे ‘जाते’. स्वयंपाकघरातील जाते आणि सोनाराच्या दुकानातील जंतर ही एकाच शब्दाची लेकरे आहेत, हे कळले की हत्यारांच्या नावांत भाषेचा केवढा इतिहास दडलेला असतो ते उमगते.

कोकणपट्टीच्या वाचकांना ह्याचा दुसऱ्या बाजूने परिचय आहेच. चावी, बिजागरी, घमेले, पिंप, बादली हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले आणि मराठीत असे मुरले की आज ते परके वाटत नाहीत. शब्दाचे कूळ शोधले की वस्तू कोणत्या वाटेने आली ह्याचा अंदाज बांधता येतो. जंतराचे नाव मात्र बाहेरून आलेले नाही. ह्या भूमीत ते संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत उतरले.

मठातील सोनार आणि नदीकाठची गिरणी

नाव देशी असले तरी हत्याराचा गोत्रविस्तार जगभर आहे. फार प्राचीन काळी तार ओढीत नसत. सोन्याचा पातळ पत्रा अरुंद कापून, पीळ देऊन, दोन सपाट दगडांमध्ये किंवा फळ्यांमध्ये घोळवून ती केली जाई. अशा तारेवर भिंगातून नागमोडी सांधा दिसतो. जंतरातून निघालेल्या तारेवर त्याऐवजी सरळ, समांतर रेघा दिसतात. जुन्या दागिन्याची तार कोणत्या पद्धतीची आहे हे जाणकार ह्याच खुणांवरून ठरवितात. ओढलेली तार सर्रास दिसू लागते ती इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून.

ह्या हत्याराचे लेखी वर्णन करणारा युरोपातील एक जुना ग्रंथकार संन्यासी होता, हे आमच्या वाचकांना विशेष वाटेल. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओफिलस हे नाव धारण करणाऱ्या एका मठवासी धर्मगुरूने निरनिराळ्या कलांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. जर्मनीतील हेल्मार्सहाउझेन येथील रॉजर हा बेनेडिक्टाईन सोनार तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. मंदिरासाठी चषक, धूपदाण्या आणि घंटा कशा घडवाव्यात हे सांगण्याआधी तो कारागिराची कार्यशाळा मांडून दाखवितो: भाता, ऐरणी, हातोडे, सांडशा, कानशी. त्यांतच तार ओढण्याच्या पट्ट्यांसाठी त्याने एक स्वतंत्र लहानसे प्रकरण दिले आहे. तीन बोटे रुंदीच्या, भोकांच्या तीन-चार ओळी असलेल्या त्या पट्ट्यांचे वर्णन आष्टीच्या पट्टीशेजारी ठेवले, तर एकाच गावच्या दोन सोनारांची हत्यारे वाटावीत. नऊ शतकांचे अंतर आणि हजारो कोसांचा समुद्र मध्ये असूनही तारेची अडचण एकच होती, म्हणून तिच्यावरील तोडगाही एकच निघाला.

एक गोष्ट ह्या साम्यातूनच निष्पन्न होते. ज्या हत्याराचा आकार शतकानुशतके बदलत नाही, त्याचे वय आकारावरून ठरविता येत नाही. जुने दिसते म्हणून आष्टीची पट्टी पेशवाईतील किंवा यादवकालीन म्हणणे हे इतिहासाला सोडून होईल. तिचे वय तिच्या घराण्याच्या आठवणीत आणि ती ज्या सामानात सापडली त्या सामानात शोधावयाचे असते.

पुढे युरोपात तारेचा धंदा वाढला. तेराव्या शतकात, १२६८ च्या सुमारास, एत्येन ब्वालो ह्या पॅरिसच्या अधिकाऱ्याने शहरातील धंद्यांचे नियम एकत्र लिहून घेतले. त्यात तार ओढणाऱ्यांचे संघ आहेत आणि जपमाळांचे मणी करणाऱ्यांचेही आहेत. हाडाचे व शिंगाचे मणी करणारे निराळे, पोवळ्याचे व शिंपल्याचे निराळे, अंबराचे निराळे. पंधराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या परिसरात पाण्याच्या चक्राने तार ओढली जात होती. विख्यात चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर ह्याने तरुणपणी अशा एका गिरणीचे जलरंगातील चित्र काढले आहे.

आपल्या हातातील चांदीच्या रोझरीकडे जरा निरखून पाहावे. मण्यामागून मणी जोडणाऱ्या त्या कड्या कोणत्या ना कोणत्या जंतरातून आलेल्या तारेच्या आहेत. मराठी ख्रिस्ती घरांतील अनेक स्त्रियांच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर क्रूस ओवलेला असतो. त्याची तारही अशाच पट्टीतून उतरते. दागिना कोणत्या धर्माच्या गळ्यात जावयाचा हे जंतराने कधी विचारले नाही.

गोदाकाठचे कसब

मराठवाड्यात ह्या विद्येची परंपरा खोल आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथे १९७० च्या दशकात उत्खनन झाले, आणि सातवाहनकालीन मणी व हस्तिदंती काम उजेडात आले. पैठणची कीर्ती तर पैठणीमुळे जगभर आहे. पैठणीच्या पदराचे सौंदर्य विणकराच्या नावावर जमा होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या पदरातील जर ही मुळात तार असते. पूर्वी चांदीच्या कांबेवर सोन्याचा पत्रा चढवून ती तारकस एकामागून एक भोकांतून ओढीत. केसाहून बारीक झाली की दुसरा कारागीर ती ठोकून चपटी करी, आणि तिसरा ती रेशमाच्या धाग्यावर गुंडाळी. तारकसाच्या जंतरावाचून पैठणी नाही. संग्रहालयांत पैठण्या काचेआड मानाने मांडलेल्या आपण पाहतो. जंतर मांडलेले फारच क्वचित दिसते.

हत्यार मुके का झाले

आष्टीची पट्टी भंगारात का आली, ह्याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात आहे. १९६२ च्या चीनयुद्धानंतर देशाची परकीय गंगाजळी आटली होती आणि सोन्याची चोरटी आयात वाढली होती. जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू केले. अर्थमंत्री मोरारजी देसाई ह्यांच्या ह्या निर्णयाने १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. आपल्या समाजात दागिना हा शुद्ध सोन्याचाच, ही दृढ भावना. १४ कॅरटचे सोने कडक, रंगाने फिके. ते ग्राहकाला रुचेना आणि कारागिराच्या हाताला मानवेना. देशभरातील लाखो सोनारांचे काम थांबले. काहींनी आत्महत्या केल्याच्या बातम्या त्या काळच्या वृत्तपत्रांत येत राहिल्या. १९६६ मध्ये शुद्धतेवरील बंधन सैल झाले, पण १९६८ साली सुवर्णनियंत्रणाचा कायदाच झाला, आणि परवाने, नोंदवह्या व तपासण्या ह्यांचा जाच १९९० मध्ये तो रद्द होईपर्यंत चालू राहिला.

मोठ्या शहरातील पेढीने ह्या काळातून मार्ग काढला. खेड्यातील एकट्या सोनाराला ते कठीण गेले. मुलाने शेगडीपाशी बसण्याऐवजी शाळेत, नोकरीत किंवा दुसऱ्या दुकानात जावे असे अनेक बापांना वाटू लागले. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातील शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर गेला. घरातील चांदीचे तोडे, वाळे मोडीत निघाले. दागिने घडविणारा हात त्या वर्षी दागिने मोडून घेऊ लागला. पुढे पत्रा व तार काढण्याची रुळांची यंत्रे आली, कठीण मिश्रधातूची तयार जंतरे बाजारात मिळू लागली, आणि साखळ्या तर यंत्रातूनच विणून येऊ लागल्या. बापाच्या हाताने शंभरदा आवळलेली पट्टी माळ्यावर गेली. तिचे नाव एका पिढीत विसरले गेले.

ह्यात कोणा एकाला दोष देता येत नाही. यंत्राने श्रम वाचविले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण एखादी विद्या संपणे आणि तिची आठवणही संपणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली अटळ असू शकते. दुसरी आपल्या हयगयीने घडते.

भट्टीच्या अगोदर

जालन्याच्या संदर्भात ह्या हयगयीला एक विशेष धार आहे. आज जालना शहर पोलादासाठी ओळखले जाते. तेथील कारखान्यांच्या भट्ट्यांत भंगार लोखंड वितळते, आणि त्यातून घरे बांधावयाच्या सळया निघतात. हजारो हातांना त्यामुळे काम मिळाले आहे. परंतु खेडोपाडी किलोच्या भावाने गोळा होणाऱ्या त्या भंगारात लोहाराच्या सांडशा जातात, तांबटाच्या मेखा जातात, सोनाराची जंतरेही जातात. आष्टीच्या पट्टीचे वजन ते कितीसे. भंगाराच्या काट्यावर तिची किंमत एका कप चहाएवढीही भरली नसती.

तेव्हा करावयाचे काय? प्रत्येक गावी संग्रहालय उभे राहणे शक्य नाही, आणि प्रत्येक जुने लोखंड जपून ठेवणेही शक्य नाही. पण चार गोष्टी कोणालाही करता येतात. वस्तू न घासता जशी आहे तशी ठेवावी. तिचे दोन्ही बाजूंनी चित्र किंवा छायाचित्र काढून शेजारी मोजपट्टी ठेवावी. ती कोणत्या घरात, कोणत्या सामानाबरोबर सापडली ते लिहून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या धंद्यातील वृद्ध माणसाच्या हाती ती द्यावी. “हे काय आहे?” असे नुसते न विचारता “हे कसे धरतात?” असे विचारावे. नाव विसरलेल्या माणसाचाही हात पकड विसरत नाही. पट्टी हाती येताच अरुंद तोंडाची बाजू आपसूक स्वतःकडे वळते, दुसरा हात सांडशीसारखा मिटतो, आणि पाठोपाठ नावही ओठांवर येते. ते नाव त्याच्या उच्चारासह टिपून घ्यावे.

दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, दौती आणि स्वयंपाकघरातील भांडी आयुष्यभर वेचली, तेव्हा अनेकांना तो छंद वाटला असेल. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयावाचून महाराष्ट्राच्या घरगुती जीवनाचा इतिहास लिहिता येत नाही. पैठण येथे शासनाचे बाळासाहेब पाटील संग्रहालय आहे. आपल्या गावातील वस्तू, तिच्या नावासह व हकिकतीसह, अशा ठिकाणी पोहोचविणे हेही इतिहासलेखनच आहे. वस्तू एकटी गेली तर ती लोखंडाचा तुकडा म्हणून जाते. नावासह गेली तर माणसासह जाते.

आष्टीच्या ह्या पट्टीवर तिच्या मालकाचे नाव नाही. पण तो बारीक काम करीत असे. तुटके न टाकता दुरुस्त करून वापरीत असे. वर्षातून एकदा ह्या लोखंडाला कुंकू वाहत असे. आणि थोड्या सोन्यात लांब तार ओढून गरिबाच्या घरचे लग्न साजरे करून देत असे, एवढे ती सांगते. कित्येक सरदारांविषयी आपल्याला एवढेही ठाऊक नसते. मराठवाड्यातील, वसईतील, गोव्यातील ज्या ज्या घरी माळ्यावर असे अनोळखी लोखंड पडून असेल, तेथे भंगारवाल्याची हाक येण्यापूर्वी कोणीतरी ते खाली काढून घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे. ते सांगू शकतील तोवरच विचारता येते.